टाकीखालची गादी

सेंगने दात मिटले ते मिटलेच. सिऊ खिमने पेजेचा चमचा त्याच्या ओठांना लावला, काढला, पुन्हा लावला. पेज हनुवटीवरून ओघळून गळ्याला बांधलेल्या फडक्यात गेली.

"घे ना रे बाबा एक घोट. माझ्यासाठी नको, त्या तांदळासाठी तरी घे."

सेंगचे डोळे तिच्याकडे नव्हतेच. ते खाटेसमोरच्या काचेच्या टाकीवर खिळले होते. टाकीत अर्धंच पाणी, आणि त्या अर्ध्या पाण्याच्या तळाशी लालकाका बसून होता. त्यानेही बेडूक म्हणू नका, रातकिडे म्हणू नका, गेल्या कित्येक दिवसांत कशालाच तोंड लावलं नव्हतं.

मासा उपाशी म्हणून नवरा उपाशी! असला हट्ट पोराने केला तर दोन धपाटे घालता येतात. साठी उलटलेल्या, उजवं अंग लुळं पडलेल्या माणसाला काय घालणार? हॉस्पिटलात नाकातून नळी घातली होती, ती त्याने धडक्या डाव्या हाताने उपसून फेकून दिली. डॉक्टरीणबाईंनी हात टेकले. म्हणाल्या, घरी न्या, आवडीचं काही भरवा. आवडीचं! त्या माणसाची जन्मात एकच आवड, आणि ती बसली होती मिशा पाडून पाण्याच्या तळाशी.

लालकाका म्हणजे कापुआस नदीच्या वरच्या अंगाचा, लाल आरोवाना जातीचा मासा. सेंगने आणला तेव्हा तो बोटाएवढा होता आणि त्यांचा एर्विन पहिलीत होता. आता एर्विनला टक्कल पडायला आलं, आणि लालकाका चांगला हातभर झाला होता, नाण्याएवढाल्या खवल्यांचा, पिकल्या मिरचीसारखा. सेंग दुकानातून आला की आधी त्याच्याशी बोलायचा, मग बायकोशी, तेही कॉफी गार झाली असेल तर. "यानं मला कधी उलट उत्तर दिलंय का?" असं वर तोंड करून विचारायचा.

हा मासा पाळणाऱ्या घरांत एक गोष्ट सगळे मानतात. मालकावर यायचं संकट मासा आपल्या अंगावर घेतो. मासा मेला की शेजारी येऊन म्हणतात, घेऊन गेला हो बिचारा. सिऊ खिमला हे कधी पटलं नाही. मासा तो मासा. पण तिला पटण्याचा प्रश्नच नव्हता, सेंगला पटलं होतं. लालकाका खातो तोवर मी खातो, एवढा एकच हिशेब त्याच्या अर्ध्या मेंदूत शाबूत राहिला होता. हॉस्पिटलातून आल्यापासून ती आधी टाकीत बेडूक टाकायची, लालकाका झेप घेऊन तो मटकवायचा, मग सेंग आ करायचा. आता मासा खाली बसला, आणि हा माणूस तिच्या डोळ्यांदेखत विझत चालला होता. मनगटाचं हाड वर आलं होतं. रोज अंग पुसताना तिला ते हाताला लागायचं.

खरा दोष माशाचा नव्हता, टाकीचाही नव्हता. दोष जमिनीचा होता. पोन्तियानाक या त्यांच्या गावात पायाखाली माती अशी नाहीच, नुसता कुजलेला पाला आणि मुळं. त्यात लाकडी खांब ठोकून त्यावर घरं उभी. कोरड्या दिवसांत तो पाला आक्रसतो आणि घरं आपापल्या मर्जीच्या बाजूला कलायला लागतात. सेंगचं घर डावीकडच्या कालव्याला भेटायला निघालं होतं. दुसऱ्यांच्या घरात हे बघायला फरशीवर गोटी सोडावी लागते. यांच्याकडे टाकीतलं पाणीच दाखवायचं. डावीकडे ते काठाला टेकलेलं आणि उजवीकडे चार बोटं खाली.

गेल्या वर्षी, सेंग हिंडताफिरता असताना, एर्विनने आपल्या अकलेने इलाज केला. एर्विन बँकेत, त्यामुळे अक्कल होतीच. त्याने टाकीची डावी कड जॅकने जरा उचलली आणि काचेखाली फोमच्या घड्या कोंबल्या, एकीवर एक. पाण्याची रेघ सरळ झाली. बापाने पाठ थोपटली. पण फोम शेवटी फोम. एवढ्या पाण्याच्या भाराखाली घड्या पापडासारख्या चपटल्या, एकीकडे कमी, एकीकडे जास्त, आणि वरची काच पिळायला लागली. आठवड्यापूर्वी भर दुपारी ती वाजली, कट्. कोपऱ्यातल्या सांध्याचा रबर एका जागी पांढरा पडला होता. एर्विनने घाबरून अर्धं पाणी पिंपांत उपसून ठेवलं. तेव्हापासून लालकाका तळाशी. त्यात पाऊस नाही, वर कुठे तरी रान जळतंय आणि गावभर धूर. दुष्काळात तेरावा महिना म्हणतात तो हाच.

"मा, मी जास्तीचा फोम आणून बघू का?" एर्विन म्हणाला.

"तुझा फोम घाल चुलीत! फात-सुकला बोलाव."

एर्विनने बायकोकडे पाहिलं. बायको लीना, नदीच्या वरच्या अंगाच्या सांगाउची, दायाक जमातीची मुलगी, तिने सासूकडे पाहिलं. त्या घरात फातचं नाव घ्यायची चोरी होती. फात माशांच्या टाक्यांचा दुकानदार आणि सेंगचा लहानपणापासूनचा जिगरी. दोघे एकाच कालव्यात पोहायला शिकले. पुढे माशांच्या एका स्पर्धेत फात परीक्षक होता. त्याने भर मंडपात सांगितलं की लालकाकाचा डावा डोळा खाली पडलेला आहे, बुबुळ सारखं खालीच बघतं, पहिला नंबर देता येत नाही. झालं! बायकोला कुणी नाव ठेवलं असतं तर सेंगने हसून सोडून दिलं असतं. माशाच्या डोळ्याला नाव ठेवलं म्हणून त्याने फातचं तोंड पाहायचं सोडलं.

"पा चिडतील," एर्विन कुजबुजला.

"चिडू दे. चिडायला तरी जिवंत राहू दे."

फात आला तो ओरडतच आला. धुरासाठी तोंडाला बांधलेलं फडकं खाली ओढत दारातूनच म्हणाला, "आसो, अहो वहिनी, कालव्याचा पूल कुणी बांधला हो? माणूस मरायचा!" आणि मग त्याची नजर खाटेवर गेली. झटका आल्यापासून त्याने सेंगला पाहिलं नव्हतं. तो तसाच उभा राहिला. सेंग त्याच्याकडे बघत होता, अर्धा चेहरा दगड आणि अर्ध्या चेहऱ्यावर राग. फातने झटकन पाठ फिरवली आणि टाकीखाली डोकं घातलं.

"हे कुणी केलं?" टाकीखालून आवाज आला.

"मी," एर्विन म्हणाला.

"शाबास! उद्या बापाच्या खाटेचा पाय मोडला की खाली गादी दुमडून घाल. अरे शहाण्या, फोम म्हणजे गादी. काच तिच्यावर निजते. गादीनं खुपायचं थांबतं, मोडकी खाट सरळ होत नसते! आधी खाट सरळ कर, मग गादी, अख्खी, एकसंध. घड्याबिड्या नाही. बँकेत तुला पैसे मोजायला देतात का रे अजून?"

त्याने डोळे बारीक करून लालकाकाकडे बघितलं, बराच वेळ. मग सिऊ खिमला बाजूला घेतलं आणि पहिल्यांदाच आवाज खाली आणला. "आसो, सगळं उतरवायला लागेल. मासा पिंपात, पाणी पिंपांत, काच बाहेर, टाकीखालची लाकडी घोडी सरळ करायची, मग सगळं परत. संध्याकाळच्या आत तो टाकीत गेला पाहिजे. आणि काढघाल एकदाच. त्याचं वय झालंय. दोनदा तो नाही सोसायचा."

"आणि नाही केलं तर?"

"तर आज ना उद्या काच फुटेल. याच्या डोळ्यांसमोर."

सिऊ खिमने खाटेकडे पाहिलं. "करा," ती म्हणाली.

लालकाकाला निळ्या पिंपात घातलं तेव्हा सेंग घशातून असा आवाज काढू लागला की लीनाने कानावर हात ठेवले. पिंपात हवेचा पंप सोडला, देशी बदामाची वाळकी पानं टाकली, वर फळी आणि फळीवर पाटा. टाकीतलं पाणी बालद्या, पिंपं, भांडी, जे मिळेल त्यात भरून ठेवलं, कारण नळाचं पाणी त्या दिवसांत खारट आणि रांजणातलं पावसाचं पाणी तळाला गेलेलं. कालव्यापलीकडचे पाक जुनैदी, म्हणजे जुनैदीकाका, आपल्या भावांना घेऊन आले आणि सगळ्यांनी मिळून "अल्ला" आणि "आई गं" करत ती अजस्र काच उचलून बाहेरच्या ओट्यावर ठेवली.

मग फातने घोडी उचलून डाव्या पायाखाली लोखंडासारख्या टणक लाकडाच्या पट्ट्या सरकवायला सुरुवात केली. पातळी बघायला पाण्याची पारदर्शक नळी लावून तो एकेक पट्टी तासत होता, शिव्या देत होता. आणि त्या पायाखालून, फळीत रुतलेलं, एक काळं पडलेलं चांदीचं नाणं निघालं.

सेंगच्या आईचं नाणं. टाकी बसवली त्या दिवशी सेंगने ते स्वतः तिथे ठेवलं होतं. घराच्या पहिल्या खांबाखाली नाणं, उंबऱ्याखाली नाणं, तसं पाण्याखालीही नाणं. पाणी म्हणजे घरची बरकत, ती वाहून जाऊ नये म्हणून.

"ते परत ठेवा हं," सिऊ खिम म्हणाली.

"मुळीच नाही," फात म्हणाला. "केसाचाही फरक न ठेवता सरळ केलंय मी. नाणं घातलं की गेलं. घ्या तुमची बरकत."

त्याने नाणं तिच्या हातात दिलं. सेंगने ते पाहिलं. त्याचा डावा हात खाटेवर आपटायला लागला, धप्, धप्. तोंडातून शब्द नाही, फक्त डोळे, नाण्यावरून घोडीकडे, घोडीवरून नाण्याकडे.

"नाही जमत रे," ती म्हणाली. "फात नको म्हणतो." धप्, धप्. इतक्या दिवसांत त्याने काही मागितलं नव्हतं, पेज नाही, पाणी नाही. आणि आज मागितलं ते हे!

फातने घोडीवर नवा फोम अंथरला, राखाडी, जाड बोटाएवढा, टाकीच्या मापाचा एकच तुकडा. तळहाताने सगळीकडून चाचपला, फुंकर मारली, आणि म्हणाला, "चला, कॉफी." सगळे मागच्या पडवीत गेले.

सिऊ खिम मागे राहिली. सेंगचा हात अजून खाटेवर आपटत होता. तिने मनात म्हटलं, गादीखाली तर ठेवायचं, काचेला थोडंच लागणार आहे? तिने फोमची डावी कड उचलली, नाणं आत लांब सरकवलं, कड खाली दाबली आणि सेंगकडे वळून ओठांवर बोट ठेवलं. सेंगचा हात शांत झाला. बुडत्याला काडीचा आधार, आणि काडी धरायला तिनेच दिली होती.

ती कॉफी प्यायला गेली तर एर्विन उठला, माप घ्यायची पट्टी आत विसरलो म्हणाला. तो आल्यावर लीना फडकं घेऊन गेली, धूळ पुसते म्हणाली. शेवटी फात एकटाच आत गेला, "एकदा माझ्या डोळ्यांनी बघतो, तुम्हा लोकांचा काय भरवसा!"

काच बसवली. पाणी परत घालायला घेतलं. बालदी बालदीने ते वर चढत होतं, आणि दोन्हीकडे सारखं चढत होतं. सिऊ खिमने बोट लावून पाहिलं, डावीकडे, उजवीकडे. इतक्या वर्षांत तिने ती रेघ एवढी सरळ पाहिली नव्हती. तिला रडूच यायला लागलं.

पाणी अर्ध्यावर आलं आणि काच वाजली. कट्.

सगळे जागच्या जागी थिजले. फातने काचेला कान लावला. त्याच्या चेहऱ्यावरचा रंग उडाला. "असं कसं? मी हातानं चाचपलंय." तो गुडघ्यांवर बसून कडेने बघू लागला. "सिंगकावांगला एकाची टाकी गेली, दाराएवढी. दिवाणखान्यात पूर. खाली काय सापडलं? तांदळाचा दाणा! फोम पातळ, दाणा टणक, तेवढ्याच जागी काच टेकली आणि तिथूनच तडकली."

सिऊ खिमच्या तोंडचं पाणी पळालं. तांदळाचा दाणा! आणि तिने घातलं होतं अख्खं चांदीचं नाणं. पिंपावरच्या फळीच्या फटीतून तिला लालकाकाची पाठ दिसत होती. कल्ले धाप लागल्यासारखे उघडमीट करत होते. फातचे शब्द तिला आठवले, संध्याकाळच्या आत, आणि काढघाल एकदाच. आता बोललं तर सगळं परत उतरवायचं, संध्याकाळ टळणार, आणि मासा पिंपातच जाणार. नाही बोललं तर टाकी भरणार, लालकाका आत जाणार, आणि एक दिवस सेंगच्या डोळ्यांसमोर काच फुटून तो जमिनीवर तडफडणार. दोन्हीकडे मरण नवऱ्याचंच. देवा, मला एकदा तरी सोपं काही विचार, असं तिला ओरडावंसं वाटलं.

सेंग तिच्याकडे बघत होता. त्यालाही कळलं होतं.

"फात," ती म्हणाली, "थांबा. पाणी घालू नका. खाली नाणं आहे. मी ठेवलं."

फातने वर पाहिलं. त्याचं तोंड उघडं राहिलं, पण त्यातून शिवी यायच्या आधीच एर्विन भिंतीला टेकला. "मा... माझं पण आहे."

"तुझं काय?"

"पा घालायचे ती अंगठी. हिरव्या दगडाची. हॉस्पिटलात बोट सुजलं तेव्हा काढली होती ना... म्हटलं, त्यांची वस्तू लालकाकाच्या खाली असू दे."

"अंगठी!" फात किंचाळला. "दगडाची अंगठी! अरे, त्यापेक्षा पाटाच घालायचास! बँकवाल्या, तू तर देवधर्म मानत नाहीस ना?"

"नाहीच मानत," एर्विन म्हणाला आणि रडायला लागला.

लीना हळूच पुढे झाली. "मारियामातेचं पदक," ती म्हणाली. "छोटंसंच आहे. साखळीसकट."

फात मटकन खाली बसला. "उपसा," तो शेवटी म्हणाला. "उपसा सगळं. जुनैदींना हाक मारा."

पुन्हा बालद्या. पुन्हा पाक जुनैदी आणि त्यांचे भाऊ, नमाज आटोपून आलेले, काही न विचारता कंबरा कसून. काच बाहेर गेली. फातने फोम एका झटक्यात उचलला. नाणं होतं. अंगठी होती, आणि तिच्या वर फोमला खळगा पडला होता. पदक होतं. आणि उजव्या मागच्या कोपऱ्यात, चार घड्या घातलेला, देवळातला पिवळा कागद होता, लाल शाईच्या मंत्राचा.

"हा कुणाचा?" सिऊ खिमने विचारलं.

फात नळी गुंडाळण्यात फारच गुंतला होता.

"फात?"

"कागदानं काच फुटत नाही," फात म्हणाला. "कागद त्यात धरत नाहीत."

पाक जुनैदींना पहिलं हसू फुटलं. मग लीनाला. मग सगळ्यांनाच, रडता रडता, पोट धरून, इतके दिवस साठलेलं ते सगळं. आणि खाटेवरून एक आवाज आला. खर्र, खर्र. सिऊ खिम धावली, तिला वाटलं घुसमटला. पण सेंग हसत होता. अर्ध्या तोंडाने, फातकडे बघून हसत होता.

फात त्याच्याजवळ गेला. त्याने त्या चारही वस्तू गोळा केल्या, सेंगची गादी एका बाजूने उचलली आणि त्या खाली सरकवल्या. "घे. इथं ठेव तुझी बरकत," तो म्हणाला. "तू काही काचेचा नाहीस." त्याने गादीची कड खाली दाबली. "आणि डोळ्याचं म्हणशील तर... पडलेला होता तो. अजूनही आहे. पण नंबर द्यायला हवा होता, गाढवा. मी द्यायला हवा होता."

सेंगने डाव्या हाताने त्याच्या सदऱ्याची बाही धरली.

पाणी परत भरेपर्यंत धुरात सूर्य तांबडा होऊन बुडाला होता. काच वाजली नाही. पाण्याची रेघ अशी होती की तिच्यावर घर बांधावं. फातने आणि एर्विनने मोठ्या पिशवीत लालकाकाला उचललं आणि हळूच टाकीत सोडलं. तो जरा वेळ तसाच तरंगला. मग त्याने शेपूट हलवलं आणि टाकीच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत गेला, सरळ, लाल, पूर्वीसारखा. वळला. परत आला. सेंगच्या खाटेसमोर थांबला.

सेंगने तोंड उघडलं.

"पेज!" सिऊ खिम ओरडली. "लीना, पेज!" आणि स्वतःच स्वयंपाकघरात धावली. तिने वाडग्यात पेज ओतली, वर चिमूटभर मीठ, खारवलेल्या अंड्याचा कण, सेंगला आवडायचा तसा. डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि तिला पुसायला सवड नव्हती. खातोय, तो खातोय, एवढंच मनात. ती वाडगा घेऊन बाहेर आली तेव्हा सगळे टाकीभोवती जमले होते.

लालकाका कुशीवर झाला होता. फात टाकीत दंडापर्यंत हात घालून त्याला सरळ धरत होता, पुढे ढकलत होता, कल्ल्यांत पाणी जावं म्हणून. सोडला की तो पुन्हा कुशीवर. पुन्हा सरळ केला. पुन्हा कुशीवर. असं किती वेळ चाललं कोण जाणे. मग फातने हात बाहेर काढला आणि ओल्याच हाताने तोंड पुसलं.

"घेऊन गेला," तो म्हणाला. अशा वेळी सगळे म्हणतात तसंच म्हणाला.

सेंगने दात मिटले.

सिऊ खिम खाटेच्या कडेवर बसली, वाडगा मांडीवर. मी बोलले म्हणून मेला, असं तिला वाटलं. नाणं ठेवलं म्हणून मेला. त्याने मागितलं आणि मी दिलं म्हणून मेला. आणि सेंगच्या मिटल्या तोंडाकडे बघून तिला कळलं की तोही हेच घोकतोय. मीच मागितलं. माझ्या नाण्याने गेला. आता तो जाणार. गपचूप, दात मिटून, एकेक दिवस करून जाणार, आणि तिने पुसायचं ते हाड रोज आणखी वर येणार.

तिला संताप आला. असा संताप तिला कधी आला नव्हता. नवऱ्यावर, माशावर, त्या कलत्या घरावर, खालच्या कुजक्या जमिनीवर.

"आ-सेंग," ती म्हणाली. "इकडे बघ. तिकडे नको, इकडे, माझ्याकडे. हे सगळे म्हणतायत तो तुझं घेऊन गेला. तूच मला आयुष्यभर हे सांगत आलास, आणि मी हसत आले. आज मी मानते. ऐकलंस? मी मानते. तुझं नाणं नाही, माझं बोलणं नाही, तो तुझं मरण घेऊन गेला. आता तू दात मिटून मेलास ना, तर तो फुकट मेला. एवढी वर्षं तुझं ऐकत आला, कधी उलट उत्तर दिलं नाही, आणि तू त्याला फुकट मारणार? मी नाही मारू देणार!"

सेंग तिच्याकडे बघत राहिला. मग त्याची नजर टाकीकडे गेली, त्या सरळ, स्वच्छ रेघेकडे, आणि रेघेखाली आडव्या पडलेल्या लाल रंगाकडे. त्याच्या चांगल्या डोळ्यातून पाणी निघालं आणि कानाकडे गेलं. डावा हात गादीखाली शिरला, चाचपडला, आणि काही तरी मुठीत घट्ट धरून तिथेच राहिला.

त्याने तोंड उघडलं.

सिऊ खिमने चमचा आत घातला. अर्धी पेज उजव्या बाजूने बाहेर आली, ती तिने फडक्याने टिपली. उरलेली त्याने गिळली. त्याला त्रास होत होता, गळ्याच्या शिरा ताठ झाल्या होत्या, पण तो गिळत होता, आणि रडत होता, आणि पुन्हा तोंड उघडत होता. पेज गार झाली होती. ती काही न बोलता भरवत राहिली.